गिरणीचा खोकला

नंदाला सासऱ्यांच्या थुंकीच्या डब्याची किळस यायची, आणि ती ते लपवतही नसे. डालड्याचा रिकामा डबा, तळाला राख, त्यात मार्तंड परब दिवसभर थुंकणार. आणि तो धुणार कोण? नंदा. तिचा नवरा चंद्रप्रकाश सकाळी नाकाला रुमाल लावून जो कामाला पसार व्हायचा, तो रात्रीच उगवायचा.

मार्तंडरावांची उभी हयात परळच्या गिरणीत, कापूस पिंजायच्या खात्यात गेली. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, आणि म्हातारा मुलाच्या घाटकोपरच्या एका खोलीत येऊन बसला. चाळीतले सगळे गिरणीवाले खोकायचेच. उबळ आली की गुळाचा खडा चघळायचा, छातीतला कापूस सुटतो म्हणे. 'गिरणीचो खोकलो तो, माका काय झालां नाय,' हे म्हातारा अगदी मानानं सांगायचा. हळूहळू अंगावरचं मांस उतरलं, जेवणावरची वासना उडाली. बसल्या बसल्या डुलकी लागायची आणि कधीकधी कुशीत झोपणाऱ्या नातीलाच, लताला, 'तू कोण गो?' विचारायचा. ताप नाही, रक्त नाही. सगळे म्हणाले, वय झालं. वय! खापर फोडायला बरं सापडतं.

शेवटी नंदाच त्यांना म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात घेऊन गेली. छातीचा फोटो झाला, थुंकी तपासली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टीबी आहे. म्हाताऱ्या माणसांत असाच लपून बसतो. बरा होतो, पण औषध मध्येच सोडायचं नाही, इंजेक्शनला रोज इथे यायचं. खिडकी उघडी ठेवा, पोरीला वेगळं झोपवा आणि तिलाही दाखवून जा."

चंद्रप्रकाशनं हे ऐकलं आणि आधी खिडकी लावून घेतली. त्याच्या बहिणीचं, शुभाचं, लग्न जमत आलं होतं.

"मुलुंडच्या मंडळींना कळलं तर वाट लागेल. लग्न ठरेस्तोवर दवाखाना बंद. लायनीत कोणी बघितलं म्हणजे?"

"आणि बाबा?"

"इतकी वर्षं खोकतायत, अजून थोडे दिवस खोकतील."

सख्ख्या बापाबद्दल बोलत होता हा मेला! त्या तोंडाची नंदाला अशी शिसारी आली की त्यापुढे डबा परवडला. तरी शुभाकडे बघून तिनं जीभ आवरली.

शनिवारी सकाळी मंडळी आली. चंद्रप्रकाशनं बापाला मोरीत बसवून पडदा ओढला आणि हातात टॉवेल दिला. "तोंडात कोंबा. आवाज नको." आणि म्हातारा बसला हो, मुकाट्यानं. नंदा पोह्यांच्या बशा देत होती, पडद्यामागची घुसमट तिला ऐकू येत होती आणि नवरा मोठमोठ्यानं मुलुंडच्या पाण्याची चौकशी करत होता.

इतक्यात लता खोकली. खोल, ओला खोकला, थांबता थांबेना.

"सर्दी झालीय वाटतं," मुलाची आई म्हणाली.

"हो ना, नुसती सर्दी," चंद्रप्रकाश हसत म्हणाला.

नंदानं हातातली बशी खाली ठेवली. "सर्दी नाही. आमच्या घरात टीबी आहे. औषधानं बरा होणारा. पण तुम्हाला कळू नये म्हणून यांनी औषध बंद ठेवलंय."

शुभानं मान खाली घातली. चंद्रप्रकाशचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. तिनं लताला कडेवर घेतलं, पडदा सारला आणि सासऱ्यांच्या तोंडातला टॉवेल काढला.

"उठा बाबा. दवाखान्यात जायचंय. दोघांनाही दाखवायचंय."

म्हातारा भिंत धरून उठला. मग त्यानं नातीकडे बघितलं.

"चेडवाक कित्याक?" त्यानं विचारलं.

"पोरीलाही तपासायचंय, चला," म्हणत नंदानं त्यांचा हात धरला.