परकराची ओली गाठ

मैत्रिणींनो, नवऱ्याच्या आधी तुम्हाला सांगतेय. केस अजून ओले आहेत. वाचून डोळे मोठे करायचे तर खुशाल करा.

विश्रामबागेतून दोन दिवस सुट्टीला आलेय, धाकट्या जावेच्या, सुनंदाच्या माहेरी. कोयनेच्या बॅकवॉटरकाठी गाव, घरची होडी. आज दुपारी स्वतः वल्ही मारत ती मला पार पलीकडे घेऊन गेली. तिथे चिटपाखरू नाही.

आपण बायका पाण्यात उतरतो कशा? परकर छातीवर बांधून. मीही तशीच उतरले, तर परकरात हवा भरून तो फुग्यासारखा हनुवटीपर्यंत आला! आता पोहू की परकर दाबू?

सुनंदानं तिचा केव्हाच काढून होडीत फेकला होता. "आवं आक्का, सोडा की. हितं कोण हाय बगाय?"

कोणीच नव्हतं. पण कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये माझा डावा स्तन काढला, तेव्हापासून मी आरशासमोरही कपडे बदलत नाही.

शेवटी म्हटलं, जाऊ दे. तर ओली गाठ सुटेना. सुनंदानंच ती सोडवली. व्रण नीट बघितला आणि म्हणाली, "टाकं लय झ्याक बसल्यात की. चला, पवा आता."

बस, एवढंच! मी मनसोक्त पोहले. मग परकर वल्ह्यांवर वाळत टाकून दोघी तशाच होडीत पडून राहिलो. त्या व्रणाला आज पहिल्यांदा ऊन लागलं.

खरं सांगा, तुमच्या पाठीला शेवटचं ऊन कधी लागलं होतं?