जासईत सोडायचे डास

साताऱ्याहून निघताना सुनेने डासांचं मलम बॅगेत कोंबलं, तेव्हा मी हसले होते. पनवेलच्या एसटी स्टँडवर रेहानाला पाहिलं आणि हसू मावळलं. डी.एड.पासूनची माझी ही मैत्रीण; एवढ्या उकाड्यात तिने बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या, डोळे जागरणाने लाल.

"सना माहेरी आलीये, आठवा लागलाय," ती म्हणाली. "आणि आमच्या मोहल्ल्यात पुन्हा डेंगी निघालाय."

सना तिची एकुलती लेक. तिला डेंगी एकदा होऊन गेलेला. दुसऱ्यांदा झाला तर धोका जास्त, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून घरात कुणाला अन्न गोड लागत नव्हतं.

रेहानाच्या जासई गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनरांच्या चळती. ताडपत्रीवर साचलेलं पाणी दिसलं की रेहाना मान फिरवायची.

घरी सना भरदिवसा मच्छरदाणीत बसलेली. रेहानाने घावन (तांदळाचं जाळीदार धिरडं) आणि सुकट केली होती. मच्छरदाणीची कड उचलून ताटली आत सरकवली आणि लगेच कड गादीखाली खोचली. जेवताना माझ्या घोट्याला काहीतरी चावलं. तो डास होता की मुंगी, ते कळलं नाही. मी ताट सोडून बॅगेतलं मलम काढलं.

संध्याकाळी शाळेत सभा होती. एका संशोधन संस्थेतून आलेल्या बाई समजावून सांगत होत्या: प्रयोगशाळेत जनुकं बदललेले नर डास गावात सोडायचे. नर चावत नाहीत. त्यांच्यापासून झालेल्या माद्या अळी असतानाच मरतात, म्हणून चावणारे डास घटतात. गावाची संमती मिळाली तरच पुढची परवानगी मागणार होत्या.

रेहाना ताडकन उठली. "माझी हां आहे. लेक घरात कैद आहे माझी."

तिच्या शेजारची जनाबाई मासळी विकते. ती बसूनच बोलली, "बाई, सोडल्यावर आमाला नको वाटलं, तर परत नेनार काय?"

"सगळे नाही नेता येणार," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "सोडणं थांबवलं की ते हळूहळू संपतील, असा अंदाज आहे."

"अंदाज! आनि उडून पलीकडच्या गावात गेले तर? त्यांना कोनी इचारलंय? मी नाय हात वर करनार."

"तुझ्या घरात पोटुशी नाही म्हणून बोलतेस!" रेहाना ओरडली. सभा तशीच उठली, काहीच न ठरता.

घरी सनाने सगळं ऐकून घेतलं. पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "अम्मी, ते सोडले नाहीत तर मला भीती. सोडले आणि पुढे काही बिघडलं, तर ते याने भोगायचं. याला कोण विचारणार?"

रेहाना मच्छरदाणीबाहेर खाली बसली आणि तोंडावर ओढणी घेऊन रडली. मी तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसने घाट चढताना गार वारा लागला. आपण सुटलो, असं क्षणभर वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली: मला बस होती, त्यांना नव्हती.

महिन्याभराने रेहानाचा फोन आला. मुलगा झाला होता. पहिली आंघोळ जनाबाईने घातली. त्या दोघी अजूनही एकमेकींचं म्हणणं मानत नाहीत. आता पुन्हा सभा आहे.

"तू इथे असतीस तर हात वर केला असतास?" तिने विचारलं.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "बाळाला ताप नाही ना?"