गाळलेलं कडवं

शैलेंद्र देवधर अपमान विसरणाऱ्यांतला नव्हता. पुण्याहून परदेशात, श्रूजबरीला आल्यापासून ऑफिसात त्याने भल्याभल्यांचं निमूट ऐकून घेतलं होतं. मुलीच्या बाबतीत मात्र नाही.

मुलगी अंतरा, चौदा वर्षांची, ऑटिस्टिक. बोलणं मोजकं. कर्कश आवाज झाला की हात कानांवर. पण गणपतीची आरती अख्खी पाठ, आणि कुणी एखादं कडवं गाळलं की घर डोक्यावर घ्यायची.

मागच्या गणपतीत तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर निमिष बापट यांनी, शाळेचा हॉल वेळेत रिकामा करायचा म्हणून, मधलं कडवं खुशाल गाळलं. अंतरा किंचाळली. बापट स्वतः डॉक्टर, पण माइकवरून सगळ्यांसमोर म्हणाले, "कुणाची मुलगी आहे? प्लीज, बाहेर न्या. आवाज करतेय."

शैलेंद्रने तिला बाहेर नेलं. सगळा हॉल बघत बसला. गाडीत ती गाळलेलं कडवं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. रडून झाल्यावर त्याने ठरवलं, याचा वचपा काढायचाच.

म्हणून यंदा साउंडचं काम त्याने अंगावर घेतलं. "असे व्हॉलंटिअर हवेत!" बापट त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. शैलेंद्र गोड हसला. ज्या माइकवरून माझ्या पोरीला हाकललंस, तो तुझ्या हातात मुका करतो, असं तो मनात म्हणाला.

बापटांचं भाषण रंगात आलं. शैलेंद्रने मुख्य केबल उपसली, गुंडाळली आणि गाडीच्या डिकीत टाकून आला. बापट माइकवर टिचक्या मारत होते, ओरडत होते. लोक गप्पा मारू लागले, मागे कुणीतरी खुदकन हसलं. शैलेंद्रला गारेगार वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

शेवटी बापटांनी तशीच आरती सुरू केली. दारात आई कांचनजवळ उभ्या असलेल्या अंतराने कानांवरचे हात काढले आणि ती आत आली. हे शैलेंद्रच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बापटांनी यंदाही ते कडवं गाळलं. आता ही किंचाळणार, म्हणून शैलेंद्र तिच्याकडे निघाला. पण आज कर्णा बंद होता, तिला त्याच्याशी झगडावं लागणार नव्हतं. सपाट, खणखणीत आवाजात तिने गाळलेलं कडवं म्हणायला घेतलं. पुढची रांग तिच्यामागून म्हणू लागली, मग सगळा हॉल. बापटांना मुकाट टाळ्या वाजवाव्या लागल्या.

आरती संपताच ते तणतणत आले. "अरे शैलेंद्र, माइकला झालं काय?"

"केबल बाहेर नेली, डॉक्टर," शैलेंद्र म्हणाला. "आवाज करत होती."