रुमाल टाकलेली सीट

“काहून बे, सापडलं नाई म्हून नवंच लिहून टाकलं? इचारता नाई आलं?”

“त्याला कान नाहीत, गावंडे,” पलीकडच्या टेबलावरून सलिल म्हणाला. “तुम्ही लिहून दिलेलं मात्र ते वाचतं. तेवढं बघा.”

निशा गावंडे स्क्रीनवर डाफरत होती. मूर्तिजापूरकडची पोट्टी. वारज्यात दोघी मैत्रिणींसोबत राहते आणि नारायण पेठेतल्या एका छोट्या कंपनीत काम करते. पुण्याला येताना बोली तिनं गावी ठेवली नाही. मीटिंगमध्ये इंग्रजी, सलिलशी पुणेरी-वऱ्हाडी मिसळ, आणि राग आला की निव्वळ वऱ्हाडी.

ही कंपनी ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचं बुकिंग चालवणारं सॉफ्टवेअर करते. वर्षानुवर्षं कोड लिहून लिहून त्याचं तण माजलेलं. त्यात कुठं काय आहे ते हुडकायला एक टूल आहे. शब्द टाकला की तो जिथं जिथं असेल त्या ओळी समोर येतात. पूर्वी हे टूल माणसं वापरत. आता दुरुस्तीची बरीच कामं एआय एजंट करतात. एजंट म्हणजे स्टँडवर तिकिटं फाडणारा नव्हे. हा प्रोग्राम. काम सांगितलं की आपला आपण शोधतो, वाचतो, लिहितो. टूल कसं वापरायचं ते या एजंटासाठी लिहून ठेवणं हे निशाचं काम होतं.

त्या दिवशी एजंटाला साधं काम दिलं होतं. प्रवाशाचे पैसे भरून होईपर्यंत त्यानं निवडलेली सीट दुसऱ्याला जाऊ नये म्हणून रोखून ठेवतात, ती मुदत थोडी वाढवायची. एजंटानं शोधलं, काही मिळालं नाही, म्हणून सीट रोखायची आपली वेगळीच सोय लिहून मोकळा झाला. आधीची सोय जागेवर होतीच. दोन्ही सोयींना एकमेकींचा पत्ता नाही. चाचणीत खिडकीच्या एकाच सीटवर दोन प्रवासी बसले.

नम्रता मॅडम टीम सांभाळतात. आवाज चढवत नाहीत. “संध्याकाळी मी परत चालवून बघणार. असंच झालं तर एजंटांसाठी हे टूल बंद. तू मग सपोर्टला जा, तिकडे माणूस हवाच आहे.”

सपोर्ट म्हणजे गाडी चुकलेल्यांच्या शिव्या फोनवर ऐकायच्या. निशाच्या त्या ऐकून झाल्या होत्या. परत जायची तिची तयारी नव्हती.

एजंटानं काय काय केलं याची नोंद तिनं उघडली.

“सलिलदादा, यानं लॉक शोधलं, होल्ड शोधलं, रिझर्व्ह बी शोधलं.”

“शिकलेला दिसतोय.”

“अन् आपल्या कोडात त्याले म्हनतात काय?”

“रुमाल,” सलिल म्हणाला, आणि त्याचा हात की-बोर्डवरच थांबला.

नाव त्यानंच ठेवलेलं. कंपनी नवी होती तेव्हा हा कसब्यातला पोरसवदा प्रोग्रामर होता. एसटी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसं हे, म्हणून रुमाल. थट्टेत ठेवलेलं नाव तसंच राहिलं. नवा माणूस आला की पहिल्या चहालाच त्याला ते कोणीतरी सांगायचं. निशालाही तसंच कळलं होतं. म्हणून तर लिहायचं तिला सुचलं नाही. सगळ्यांना ठाऊक असलेलं कोण लिहितो? एजंट चहाला येत नाही.

“नावच बदलून टाकू,” निशा म्हणाली.

“बदला की. सगळ्या गाड्यांचं बुकिंग त्यावर चाललंय. बदला, मी घरी जातो.”

निशानं एजंटासाठी लिहिलेलं आपलं पान वाचलं. ‘काही न मिळाल्यास निकाल रिकामा येतो.’ एवढंच. रिकामा आला तर पुढं काय, त्याचा पत्ता नाही. तिनं ‘रुमाल म्हणजे सीट रोखणे’ असं लिहिलं, मग खोडलं. असे रुमाल या कोडात किती असतील कोण जाणे. तिनं नव्यानं इंग्रजीत लिहिलं. मराठीत सांगायचं तर असं:

‘निकाल रिकामा आला म्हणजे ती गोष्ट कोडात नाही, असं धरू नका. इथली नावं पुष्कळदा घरगुती मराठी आहेत, रोमन अक्षरांत. इंग्रजी शब्दावर मिळालं नाही तर ज्याचं काम आहे त्याची नोंद, उदाहरणार्थ सीटची, कोणता कोड बदलतो ते शोधा आणि तिथून मागं या. तरीही मिळालं नाही तर नवीन लिहू नका. थांबा आणि विचारा.’

सलिल मागं येऊन उभा राहिला. “दम दिल्यासारखं वाटतंय.”

“गड्याले वावरात धाडतानी माही माय असंच सांगते. कुदय कोठ्यात नसन त धुऱ्यावर, बांधावर पाह्य, तिथं बी नसन त वापस ये. बजारातून नवी आनू नोको.”

“आणि तो नवी कुदळ आणतो?”

“एकडाव आनली होती.”

संध्याकाळी नम्रता मॅडमनी तेच काम एजंटाला पुन्हा दिलं. तिघं स्क्रीनसमोर. लॉक, रिकामं. होल्ड, रिकामं. निशानं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. मग एजंट सीटच्या नोंदीकडं वळला, तिथून मागं मागं गेला आणि थांबला. स्क्रीनवर प्रश्न आला: ‘रुमाल नावाचा भाग सापडला. सीट रोखण्याचं काम हाच करतो का?’

“व्हय रे बावा,” निशा म्हणाली आणि ‘होय’ टाइप केलं.

एजंटानं मुदत तेवढी वाढवली. दुसऱ्या कशाला हात लावला नाही. चाचणीत खिडकीपाशी एकच प्रवासी बसला.

“ठीक आहे,” नम्रता मॅडम म्हणाल्या. “टूल चालू राहू दे. आणखी काही कामं देऊन बघू.” आणि पर्स उचलून निघाल्या. सपोर्टचं नाव निघालं नाही.

सलिल डबा पिशवीत घालत होता. निशानं खुर्ची परत टेबलाकडं ओढली.

“दादा, जाऊ नोका. कोडात ते ‘मावशी’ म्हून हाय, ते काय?”

“बाईशेजारची सीट बाईलाच द्यायची, तो नियम. आमच्या मंदाकिनी मावशीनं एकदा—”

“मावशीचं मंग सांगजा,” निशा म्हणाली आणि लिहायला लागली.