कापराच्या दोन पुरचुंड्या

आज आरतीसाठी कापराची डबी उघडली आणि मुलुंडला माझ्या मैत्रिणीच्या, सुजाताच्या घरी फरशीवर पसरलेला हिमालयाचा नकाशा आठवला. त्याच्या कोपऱ्यांवर स्टीलचे डबे ठेवले होते. पाच दिवस डोंगराच्या धारेवरून चालायचं होतं, आम्ही दोघी आणि तिथला एक वाटाड्या. उंचीवर श्वास लागला तर हुंगायला म्हणून सुजाता कापराच्या पुरचुंड्या बांधत होती.

“पाणी कुठे कुठे मिळेल, सांग,” ती म्हणाली. मी सांगितलं. तिने तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र मी वैतागले. “तू असणार ना यार बरोबर. मला कशाला पाठ करायला लावतेस?”

तिने दोन्ही पुरचुंड्या माझ्याच सॅकमध्ये टाकल्या. “पुन्हा सांग गं.”

निघायच्या दिवशी ती स्टेशनवर आलीच नाही. फोनवर एवढंच म्हणाली, “तू जा.” मी चिडून एकटीच गेले.

आपण येणार नाही, हे तिला पुरचुंड्या बांधतानाच ठाऊक होतं का? मग बोलली का नाही? बोलली असती तर मीही गेले नसते, हे तिने ओळखलं होतं, की मीच आता तशी समजूत घालून घेतेय? काही कळत नाही. आम्ही अजून भेटतो, हसतो.

पाण्याच्या सगळ्या जागा मला अजून पाठ आहेत. ती का आली नाही, हे मात्र मी कधी विचारलेलं नाही.