उजवीकडची फुली

आधीच सांगते, भूतबीत मी मानत नाही. ठाण्यातल्या एका छोट्या खाजगी हॉस्पिटलात बावीस वर्षं सिस्टर होते... डोळ्यांसमोर एवढी माणसं गेली, एकही परत आलेलं नाही.

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. बाळकुमचा हरेश, खाडीत मासेमारी करणारा, वय तीस. दोन्ही किडन्या गेलेल्या, सुया टोचून टोचून हाताच्या शिरा संपलेल्या. पोटात नळी घालून डायलिसिस, एवढा एकच मार्ग उरलेला. आमचे सर ते दुर्बिणीतून करायचे – पोटाला एकच भोक, त्यातून आधी दुर्बीण, मग नळी. पण ते भोक पाडायचं अंदाजानेच. म्हणून आदल्या दिवशी पेशंटला बसवून, कमरेला लुंगीची गाठ येते ती जागा टाळून पेनाने खूण करायची. सर म्हणाले, डावीकडे. मी स्वतः डावीकडे फुली मारली, दोनला ड्युटी संपवली आणि तासाभरावर मोहने गावी बहिणीच्या डोहाळजेवणाला गेले.

सकाळी थिएटरमध्ये बघते तर फुली उजवीकडे! डावीकडे डागसुद्धा नाही.

"सिस्टर, डावं-उजवं कळत नाही का तुम्हाला?" सर सगळ्यांसमोर ओरडले. असा संताप आला ना मला! पण पेशंट टेबलावर. "जाऊ दे, उजवीकडूनच घालू," म्हणाले.

दुर्बीण आत गेली, सरांनी ती डावीकडे वळवली. मग मला डोळा लावायला दिला. डावीकडे आतडं पोटाच्या भिंतीला चिकटलेलं – बरोब्बर मी खूण केली होती तिथे. तिथे टोचलं असतं तर आतडं फाटलं असतं. त्या तब्येतीत हरेश वाचला नसता.

बाहेर येऊन मी त्याच्या आईला विचारलं, "मावशी, फुली कोणी बदलली?"

"अगो बाय, तूच त आलतीस काल चार वाजता! स्पिरिटनं पुसलंस न दुसरी काढलीस. बोललीस, चुकलं माजं."

चार वाजता मी मोहन्यात बहिणीची ओटी भरत होते. फोटो आहे! दुपारच्या सिस्टरने वॉर्डात कोणालाच पाहिलं नव्हतं. दुसरीच कोणी असेल म्हणावं, तर मायलेक आठ दिवस मला रोज बघत होते. हरेशही हेच सांगायचा.

तो पुढे सहा वर्षं जगला, घरीच डायलिसिसच्या पाण्याच्या पिशव्या बदलत. मग इन्फेक्शन झालं, नळी काढावी लागली, डॉक्टरांनी हात टेकले. त्याची आई माझ्या वर्तकनगरच्या घरी आली, माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "बाय, एकदाच ये ना... त्या दिवसासारकी."

मी गेले. त्याच्या उशाशी बसून राहिले. मला काहीच करता आलं नाही... त्या दुपारी कोण आली होती, मला अजून माहीत नाही.