हव्वाखालाची वाटी

हव्वाखाला गेल्याचं कळलं तेव्हा मी दवाखान्याचा जिना पुसत होते. सुपरवायझरबाई वरूनच म्हणाल्या, "तुम्हारी खाला सुबह गुजर गयी." मी तशीच पुसत खालच्या पायरीपर्यंत गेले... जिना अर्धा सोडलेला खालाला चालायचा नाही. त्याला आता पाच आठवडे झाले. मी सातवीतून शाळा सोडलेली, काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण लिहिल्याशिवाय राहवेना.

खाला म्हणजे मावशी, पण मानलेली; ती नायजेरियातल्या कानो शहराची, मी दापोलीकडची. सौदीतल्या जेद्दात, शराफिया भागातल्या या दवाखान्यात मी तिच्याच हाताखाली साफसफाईला लागले. हिंदी तिला इथल्या आपल्या बायकांनी शिकवलेली, शिव्यांसकट. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सासूबाई गावाहून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर चूर्णाच्या पुड्या पाठवायच्या. एकदा मी चूर्ण ढवळताना तिनं पाहिलं आणि शेजारी बसून स्वतःचं सांगितलं. अकरा वर्षं तिनंही असंच पोटात ओतलं होतं. आधी जडीबुटीवाल्या म्हातारीचे काढे. मग त्यांच्याकडची रीत... लाकडी पाटीवर काजळीच्या शाईनं कुराणातली आयत लिहून घ्यायची, पाटी धुवायची आणि ते पाणी प्यायचं. मग सासूपासून लपून सरकारी दवाखाना. "सगळं मीच प्यायले. नवऱ्यानं दुसरी केली. तिलाही नाही झालं, तेव्हा कुठे लोक गप्प बसले," असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही. मग तिनं माझी फाईल मागितली, एकेक कागद उलटला. "यात तुझ्या नवऱ्याचा कागद कुठला?" एकही नव्हता. ह्यांनाही तपासायला आण, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं, मीच घरी बोलले नव्हते. हे चिडतील, मला माहेरी पाठवतील, ही धास्ती.

एका शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर ती आमच्या खोलीवर आली. वस्तीतल्या मौलवींकडून पाटी लिहून आणली होती. सोबत आणलेल्या पांढऱ्या इनॅमलच्या वाटीवर धरून तिनं ती धुतली. मी सवयीनं हात पुढे केला, तर हातावर चापट मारली आणि वाटी ह्यांच्यापुढे धरली.

"खाला, हे हिच्यासाठी ना?"

"हिनं पुष्कळ पिऊन झालं. आज तू पी."

आयतीचं पाणी, नाही कसं म्हणणार? ह्यांनी टोपी नीट केली, बिस्मिल्ला म्हणून तीन घोटांत संपवलं. ओठ काळे झाले. "आता रविवारी डॉक्टरकडे," ती म्हणाली. "घाबरू नकोस, तिथे काही प्यावं लागत नाही." ह्यांना हसू फुटलं... आणि रविवारी हे डॉक्टरकडे गेले.

दोष ह्यांच्यात निघाला. औषधानं फरक पडू शकेल, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर गावी फोन लावला. "अम्मा, पुड्या पाठवू नकोस. औषध मला चालू आहे." मी मोरीत जाऊन रडले.

माझी फाईल उलटणाऱ्या खालानं स्वतःच्या पोटातली गाठ मात्र वर्षभर कुठल्याच डॉक्टरला दाखवली नाही. तपासणीच्या टेबलावर पुन्हा झोपायचं नाही, एवढंच म्हणायची. मी मागे लागायला हवं होतं... तिनं माझ्यासाठी केलं, ते मला तिच्यासाठी जमलं नाही. शेवटी भेटले तेव्हा वाटी परत द्यायला नेली होती. "राहू दे," म्हणाली, "मी आता कुणाला पाजू?"

मूल अजून नाही. दर महिन्याला धाकधूक असते. त्या वाटीत आता आमच्या दोघांच्या गोळ्या असतात. सकाळी मी हात घातला की हे मनगट धरतात.

"थांब. आधी माझी."